टंचाईचा नियम पाणी असतानाच लिहून ठेवावा: गंगा पाणीवाटप कराराविषयी नागपूरहून एक खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय जलशक्ती मंत्री, तसेच
भारत-बांगलादेश संयुक्त नदी आयोगावरील भारतीय सदस्य,
नवी दिल्ली.

महोदय,

सविनय नमस्कार.

गंगेच्या पाण्याच्या वाटपासंबंधी भारत आणि बांगलादेश यांच्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांचा करार झाला. श्री. एच. डी. देवेगौडा आणि श्रीमती शेख हसीना यांनी त्यावर सह्या केल्या. त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. नूतनीकरणासाठी तांत्रिक पातळीवर बोलणी सुरू करण्याचे दोन्ही सरकारांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले आणि त्यानंतर दोनच महिन्यांत ढाक्यात सत्तांतर झाले. या घडामोडींवर बोलणारे पुष्कळ आहेत. माझे पत्र करारातील फक्त एका वाक्याविषयी आहे. पश्चिम बंगालमधील फराक्का बॅरेजला येणारा प्रवाह एखाद्या दशकात, म्हणजे दहा दिवसांच्या कालखंडात, ५०,००० क्युसेकच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीने सल्लामसलत करावी आणि समन्याय, सचोटी व कोणत्याही पक्षाची हानी न होणे या तत्त्वांना धरून आणीबाणीची तडजोड करावी, एवढेच ते वाक्य सांगते. त्याच्या जागी आकडे, तारखा आणि जबाबदाऱ्या यांनी बांधलेला टंचाईचा नियम यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नागपूर फराक्क्यापासून फार दूर आहे आणि गंगेचा थेंबही आमच्याकडे येत नाही, तेव्हा या विषयात मी का पडतो, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. मी नोकरीची बहुतेक वर्षे विदर्भातील कालव्यांवर काढली. पाणीपाळी ठरवणे, विमोचक उघडणे, वितरिकांवर फिरणे आणि कालव्याच्या शेपटाला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला उत्तर देणे हेच माझे काम होते. एका वाईट वर्षी उन्हाळी धानाच्या आवर्तनात पाणी शेपटापर्यंत पोहोचले नाही. तेव्हा कोरड्या चारीच्या काठावर एका वयस्क शेतकऱ्याने मला जे विचारले ते त्याच्याच शब्दांत सांगतो: "साहेब, पानी कमी हाय हे मले समजते. पन किती कमी हाय आन् कोनाले किती भेटनार, हे धान लावाच्या आंधी काहून नाही सांगतलं?" त्याचा राग पाणी न मिळाल्याचा नव्हता. रोपे लावून झाल्यावर ते न मिळाल्याचे कळले, यावर त्याचा राग होता. माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते, कारण टंचाईत कोणाचे किती कापायचे हे आमच्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

हीच गोष्ट पुढे सबंध शहराने अनुभवली. नागपूरचे पिण्याचे पाणी मुख्यतः पेंच नदीवरील तोतलाडोह आणि त्याखालच्या नवेगाव खैरी या धरणांतून येते. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रे याच पाण्यावर चालतात, आणि रामटेक, पारशिवनी, मौदा या तालुक्यांतील धानही त्यावरच पिकते. नदी मात्र उगम पावते मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, आणि तिथे तोतलाडोहच्या वरच्या अंगाला मध्यप्रदेशाने चौराईचे धरण बांधले. ते बांधण्याचा त्या राज्याला अधिकार होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. पेंचच्या पाण्यात दोन्ही राज्यांचा वाटा आहे आणि छिंदवाड्याच्या शेतकऱ्यालाही तहान आहे. परंतु २०१८ चा पावसाळा अपुरा गेला, वरचे धरण आधी भरले, खालचे रिकामे राहिले, आणि जुलै २०१९ मध्ये तोतलाडोहच्या मृतसाठ्यातून पाणी उपसत नागपूरला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले. दोन राज्यांच्या वाटपाचे करार होते. त्यांत सरासरी वर्षाचे पाणी वाटलेले होते. वाईट वर्षात वरच्या धरणाने किती अडवावे, किती सोडावे आणि ते कोणत्या तारखेला ठरावे, हे कोणीही आधी बांधून ठेवलेले नव्हते. त्यामुळे धरण कोरडे पडल्यावर पत्रव्यवहार सुरू झाला.

पेंचचे पाणी पुढे कन्हानला, कन्हानचे वैनगंगेला, वैनगंगेचे प्राणहितेतून गोदावरीला मिळते आणि तेलंगणात जाते. म्हणजे आम्ही नागपूरकर एका राज्याचे खालचे आणि दुसऱ्या राज्याचे वरचे शेजारी आहोत. गंगेच्या बाबतीत भारताची स्थितीही अशीच दुहेरी आहे, आणि म्हणूनच हा अनुभव आपल्यासमोर ठेवण्याचे धाडस करतो.

आता करारातील गणिताकडे वळतो. वाटप १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या हंगामापुरते आहे आणि ते दर दहा दिवसांनी मोजायचे आहे. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर दोघांना निम्मे निम्मे. ७०,००० ते ७५,००० च्या दरम्यान असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले भारताला. ७५,००० च्या वर असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला. याशिवाय ११ मार्च ते १० मे या सर्वांत कठीण दोन महिन्यांत दोन्ही देशांना एका आड एक अशा तीन तीन दशकांत ३५,००० क्युसेकची हमी आहे. कराराला जोडलेले कोष्टक १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरी प्रवाहावर आधारलेले आहे, आणि त्यातील सर्वांत नीचांकी दशक म्हणजे २१ ते ३० एप्रिल. तिथला आकडा ६०,९९२ क्युसेक आहे. हे कोष्टक वाचताना पाटबंधाऱ्याच्या माणसाला पहिली गोष्ट जाणवते ती अशी की यात दुष्काळ कुठेच नाही. चाळीस वर्षांची सरासरी काढली की दुष्काळी वर्षे तिच्यात विरघळून जातात, पण नदी सरासरीने वाहत नाही. कराराच्या पहिल्याच हंगामात, १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये, प्रवाह अपेक्षेच्या बराच खाली गेला आणि दोन्ही बाजूंना लगेच खुलासे करीत बसावे लागले.

प्रवाह समजा एप्रिलच्या शेवटच्या दशकात ५०,००० क्युसेकवर आला. हमीप्रमाणे ते दशक बांगलादेशाचे, म्हणून त्याला ३५,००० मिळतील आणि भारताच्या कालव्यात १५,००० जातील. पुढचे दशक भारताचे, तेव्हा हेच उलट होईल आणि पद्मेत, म्हणजे बांगलादेशातील गंगेत, १५,००० उरतील. पन्नास हजारांच्या खाली एक क्युसेक जरी गेला, तरी आकडे संपतात आणि सल्लामसलत सुरू होते. दहा दिवसांच्या कालखंडासाठी दोन देशांच्या सचिवांनी, मग मंत्र्यांनी सल्लामसलत करायची, म्हणजे निर्णय होईपर्यंत ते दशक संपलेले असते. कालव्यावर काम केलेला कोणीही सांगेल की आवर्तन चालू असताना वाटपाचा वाद मिटत नाही, तो वाढतो. करार लिहिणाऱ्यांना ही अडचण सुचलीच नव्हती असे नाही. फेरआढाव्यानंतर बदलांवर एकमत झाले नाही तर ते होईपर्यंत बांगलादेशाच्या वाट्याचे किमान ९० टक्के पाणी सोडत राहावे, अशी तरतूद त्याच करारात आहे. आणि नोव्हेंबर १९७७ च्या पाच वर्षांच्या करारात तर कितीही कमी प्रवाह असला तरी बांगलादेशाला कोष्टकातील वाट्याच्या किमान ८० टक्के पाणी देण्याचे कलम होते. १९८२ च्या समझोत्यातच ते कलम गेले होते आणि १९९६ मध्येही त्याच्या जागी दोन्ही देशांचे रक्षण करील असा दुसरा नियम आला नाही. जुने कलम तसेच्या तसे परत आणावे, असे माझे म्हणणे नाही. त्यात त्या ८० टक्क्यांपलीकडच्या तुटीचे सारे ओझे एकट्या भारतावर पडत होते. ओझे दोघांनी कोणत्या प्रमाणात वाहावे, हे लिहिलेले असावे, एवढेच म्हणणे आहे.

टंचाईचे चटके दोन्ही काठांना बसले आहेत. फराक्का बॅरेज १९७५ मध्ये कार्यान्वित झाले ते हुगळीतील गाळ वाहून जावा आणि कोलकाता बंदर जिवंत राहावे म्हणून. त्यासाठी सुमारे ३८ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्यातून ४०,००० क्युसेकपर्यंत पाणी भागीरथीत, म्हणजे हुगळीच्याच वरच्या भागात, सोडण्याची सोय आहे. मार्च २०१६ मध्ये या कालव्यातील पाण्याची पातळी इतकी खाली गेली की त्यावर अवलंबून असलेले २,१०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. कोराडीच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पलीकडे गोराई ही पद्मेची शाखा उन्हाळ्यात मुखाशीच वाळूने बंद होते. नैऋत्य बांगलादेशाला गोडे पाणी पोहोचवणारी मुख्य वाट तीच असल्यामुळे, खुलना भागात समुद्राचे खारे पाणी आत सरकते, विहिरी खारावतात आणि सुंदरबनातील सुंदरीची झाडे शेंड्याकडून वाळत येतात. हे सुंदरबन सुमारे चाळीस टक्के आपले आहे. १९८८ ते १९९६ या काळात दोन देशांत कोणताही करार नव्हता. त्या काळात, मार्च १९९३ च्या अखेरीस, बांगलादेशातील हार्डिंज पुलापाशी पद्मेचा प्रवाह १०,००० क्युसेकच्याही खाली गेला होता. करार नसण्याचा अर्थ काय असतो हे त्या आठ वर्षांनी दाखवले आहे.

फराक्क्याविषयी सर्वसामान्य चर्चेत एक गैरसमज फार रुजलेला आहे. फराक्का हे धरण नाही. तिथे १०९ दरवाजे आहेत, पण साठा म्हणण्याजोगा साठा नाही. तोतलाडोहसारखे पावसाळ्यात भरून ठेवावे आणि मेमध्ये सोडावे, असे ते काम नाही. जे पाणी त्या दिवशी आले तेच त्या दिवशी वाटायचे. म्हणून फराक्क्याच्या दरवाजांवर बसून दुष्काळाचे व्यवस्थापन होणार नाही. ते व्हायचे असेल तर वर, टिहरी, रिहंद, बाणसागर या धरणांत, गंगेच्या वरच्या आणि खालच्या कालव्यांवर, आणि उत्तर प्रदेश व बिहारमधील लाखो बोअरवेलवर. पाऊस संपल्यावर नदीत वाहणारे पाणी मुख्यतः दोन ठिकाणांहून येते, हिमालयातून आणि जमिनीखालून. भूजल खोल गेले की नदीला मिळणारा पाझर आटतो, आणि हा पाझर कोणत्याही करारात मोजलेला नाही. नेपाळमधून येणाऱ्या कोसी, गंडक आणि घाघरा या नद्या कोरड्या हंगामात फराक्क्याच्या प्रवाहाचा सुमारे ७० टक्के भाग पुरवतात, असे सामान्यतः मानले जाते. तरीही या वाटपाच्या टेबलावर नेपाळ नाही. प्रवाह वाढवण्यासाठी बांगलादेशाने नेपाळमध्ये साठे करण्याचे सुचवले होते आणि भारताने ब्रह्मपुत्रेपासून फराक्क्यापर्यंत जोडकालवा काढण्याचे. दोन्ही प्रस्ताव चार दशकांहून अधिक काळ एकमेकांसमोर उभे आहेत. त्यांची वाट पाहत टंचाईचा नियम लांबवणे मला योग्य वाटत नाही. पाणी वाढेल तेव्हा वाढेल. कमी पडते ते पुढच्याच एप्रिलमध्ये पडू शकते.

टंचाईचा नियम आधी लिहिता येतो का, तो पाळला जातो का, याचे उत्तर महाराष्ट्राजवळ आहे. गोदावरीच्या वरच्या भागात नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे आणि खाली पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी, यांच्यातील भांडण आपण सर्वांनी अनेक वर्षे पाहिले आहे. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात टंचाईच्या काळात समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले गेले, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने मेंढेगिरी अभ्यासगटाच्या अहवालाचा आधार घेऊन त्या तत्त्वाला आकडा व तारीख दिली. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी सोडायचे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ही चौकट मान्य केली. त्यानंतरही आंदोलने झाली, न्यायालयात धाव घेतली गेली, ६५ चा आकडा खाली आणावा अशी शिफारसही झाली, आणि हे सारे पुढेही होत राहील. पण भांडण आता आकड्यावर होते. पाणी सोडायचे की नाही, हा प्रश्न दरवर्षी नव्याने पेटवावा लागत नाही. आणि १५ ऑक्टोबर ही तारीख महत्त्वाची आहे, कारण रब्बीची पेरणी बहुतेक व्हायची असते; खालच्या शेतकऱ्याला आणि वरच्या शेतकऱ्यालाही आपल्या वाट्याला काय आहे हे बी जमिनीत टाकण्याआधी कळते. माझ्या त्या शेतकऱ्याने हेच मागितले होते.

बाभळीच्या बंधाऱ्याचे उदाहरणही आहे. नांदेड जिल्ह्यातील गोदावरीवरच्या या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात कडवट वाद झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. बंधारा राहिला आणि खालच्या राज्याला आपल्या हक्काची तारीख मिळाली. याउलट कावेरीत पाण्याचे वाटप ठरले, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अंतिम आकडेही दिले, पण टंचाईच्या वर्षाचे सूत्र दोन्ही राज्यांना मान्य होईल असे निश्चित झाले नाही. म्हणून मोसमी पाऊस हुकला की बंगळुरू आणि तंजावूर पुन्हा एकमेकांसमोर उभे राहतात, जसे ते २०२३ मध्ये राहिले.

देशांदेशांच्या बाबतीतही हा फरक अगदी स्पष्ट दिसतो, आणि तो एकाच करारात दिसतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात १९४४ मध्ये झालेला करार दोन नद्यांविषयी आहे. कोलोरॅडोचे पाणी अमेरिका मेक्सिकोला देते, आणि रिओ ग्रांदे या सीमेवरील नदीच्या उपनद्यांचे पाणी मेक्सिको अमेरिकेला देते. दोन्ही बाबतींत मूळ करारात ‘असाधारण दुष्काळ’ असा शब्द आहे आणि दोन्हीकडे त्याची व्याख्या नाही. कोलोरॅडोच्या बाबतीत दोन्ही देशांनी पुढे जोडकरार केले. २०१२ चा एक आणि २०१७ चा एक, अशा दोन जोडकरारांत मीड जलाशयाच्या पातळीच्या पायऱ्या ठरवल्या. पातळी १,०७५ फुटांखाली गेली की मेक्सिकोचा वार्षिक १५ लाख एकर-फुटांचा (एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उभे राहील इतके पाणी) वाटा ५०,००० एकर-फुटांनी कमी होतो, त्याच वेळी अमेरिकेतील खालच्या राज्यांनाही कपात लागते, आणि पातळी आणखी घसरली तर दोघांचीही कपात वाढते. ऑगस्ट २०२१ मध्ये अशी पहिली टंचाई जाहीर झाली आणि २०२२ च्या वर्षासाठी कपात अमलात आली. वरच्या आणि खालच्या देशाने एकाच दिवशी, एकाच मोजपट्टीने आपापला घास कमी केला. रिओ ग्रांदेच्या बाबतीत असे झाले नाही. तिथे मेक्सिकोला पाच वर्षांच्या चक्रात सरासरीने वर्षाला ३,५०,००० एकर-फूट पाणी द्यायचे असते आणि दुष्काळ पडला की थकबाकी पुढच्या चक्रात ढकलता येते. पण दुष्काळ कशाला म्हणायचे हे ठरलेले नसल्यामुळे थकबाकी चक्राच्या शेवटच्या महिन्यांत येऊन कोसळते. सप्टेंबर २०२० मध्ये चिवावा राज्यातील शेतकऱ्यांनी आपले पाणी जाऊ नये म्हणून ला बोकिया हे धरण ताब्यात घेतले आणि त्या संघर्षात गोळीबारात एका स्त्रीचा जीव गेला. सह्या त्याच, करार तोच. एका नदीवर पायऱ्या बांधलेल्या होत्या आणि दुसरीवर नव्हत्या.

स्पेन आणि पोर्तुगाल यांनी १९९८ मध्ये केलेल्या आल्बुफेरा करारात पाऊस मोजण्याची ठराविक केंद्रे नेमून दिली आहेत. तिथला पाऊस ठरलेल्या प्रमाणाखाली गेला तरच वरच्या देशाला वार्षिक प्रवाहातून सूट मिळते, आणि २००८ च्या दुरुस्तीने तिमाही व साप्ताहिक किमान प्रवाहही आला. सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी मनंताली धरण संयुक्त मालकीचे केले. आपल्याकडे एवढे लगेच होईल असे मला वाटत नाही, पण मोजमापाचा भाग तरी घेण्यासारखा आहे.

माझी अपेक्षा या पार्श्वभूमीवर मांडतो. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही देशांच्या संयुक्त समितीने टंचाईची पायरी जाहीर करावी, आणि ती ठरवण्यासाठी टिहरी, रिहंद व बाणसागर येथील साठा, त्या पावसाळ्यातील पर्जन्यमान आणि नोव्हेंबरमधील फराक्क्याचा प्रवाह, या तीन गोष्टी आधीच नेमून दिलेल्या असाव्यात. पायऱ्या सत्तर, साठ, पन्नास आणि चाळीस हजार क्युसेकच्या असोत किंवा अभ्यासांती अन्य काही असोत, पण पन्नास हजारांच्या खालीही त्या चालू राहाव्यात, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही देशांची कपात टक्क्यांत लिहिलेली असावी. एका आड एक दशकांची हमी खोल टंचाईत एका बाजूला अचानक कोरडे पाडते. तिथे ती सैल करून टक्केवारी लावावी. भागीरथी आणि गोराई या दोन नद्यांत वाहते राहण्यापुरते पाणी हा तिसरा वाटा मानावा आणि तो दोन्ही देशांच्या वाट्याआधी बाजूला काढावा. कपात सुरू झाली की वरच्या राज्यांतील कालव्यांनाही तीच पायरी लागू व्हावी, नाहीतर फराक्क्याला येणाऱ्या पाण्याचाच आकडा दरवर्षी घसरत जाईल आणि आपण दोघे उरलेल्याचे निम्मे निम्मे करीत बसू. वीजकेंद्रांचा, बंदराचा, पिण्याचा आणि शेतीचा क्रम काय असावा हे ज्याने त्याने आपापल्या हद्दीत ठरवावे; त्यात दुसऱ्या देशाने पडू नये.

हे सारे मोजमापावर उभे आहे, आणि मोजमाप लोकांना दिसत नाही. कोरड्या हंगामात फराक्का आणि हार्डिंज पूल येथे दोन्ही देशांचे अभियंते रोज प्रवाह मोजतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण आपल्याकडे गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या खोऱ्यांतील प्रवाहाची आकडेवारी गोपनीय वर्गात ठेवली जाते. तोतलाडोहचा साठा किती टक्के आहे, हे नागपूरच्या वर्तमानपत्रात उन्हाळ्यात रोज छापून येते. त्यामुळे अफवा कमी होतात आणि माणूस नळ जपून वापरतो. मुर्शिदाबादच्या आणि कुष्टियाच्या शेतकऱ्याला फराक्क्याचा आकडा रोज का कळू नये? आकडा लपलेला असला की प्रत्येक कोरड्या मार्चमध्ये दोन्ही देशांत एकच अर्थ निघतो, की पलीकडच्याने पाणी चोरले. साक्षीदार म्हणून उभा राहू शकणारा कागद आपणच कुलुपात ठेवतो.

वरच्या देशाने आपले हात कशाला बांधून घ्यावेत, असे म्हणणारे काही जण आहेत. सिंधू करार एप्रिल २०२५ मध्ये स्थगित ठेवल्यानंतर हा सूर अधिक ऐकू येतो. मी या विषयातील राजनयाचा जाणकार नाही आणि सिंधूवर येथे बोलणार नाही. दोन नद्यांचे शेजारी आणि प्रसंग वेगळे आहेत. पण गंगेपुरते सांगतो. फराक्क्याला साठा नसल्यामुळे ते पाणी रोखून धरण्याचे साधनच नाही. कोरड्या हंगामात जास्तीत जास्त काय होईल, तर ४०,००० क्युसेक हुगळीला जातील आणि उरलेले पद्मेला. आणि ईशान्येला आपण स्वतः खालचे आहोत. यार्लुंग त्सांगपोच्या, म्हणजे तिबेटातील ब्रह्मपुत्रेच्या, वळणावर चीनने जुलै २०२५ मध्ये प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले, आणि ब्रह्मपुत्रेच्या पुराची माहिती देण्याचा चीनबरोबरचा सामंजस्य करार २०२३ मध्ये संपला. तिथे आपण जे मागणार आहोत, म्हणजे आधी सूचना, रोजची आकडेवारी आणि कोरड्या वर्षाचा नियम, ते येथे आपण दिलेले असेल तर आपल्या मागणीला वजन राहील.

राज्यांचा प्रश्न मात्र मला सर्वांत नाजूक वाटतो. पश्चिम बंगाल सरकारने जून २०२४ मध्ये पंतप्रधानांना लिहिले की राज्याला विश्वासात न घेता करार पुढे नेऊ नये. बिहारनेही फराक्क्यामुळे गाळ साचून पूर वाढतो, अशी तक्रार वारंवार केली आहे. तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा मसुदा २०११ मध्ये तयार होऊनही पश्चिम बंगालच्या संमतीअभावी अडकला, हे आपण जाणताच. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेपटाचा माणूस नसला की काय होते हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. ठराव होतो, कालवा सुटतो, आणि मधल्या वितरिकांवर रात्री दरवाजे फिरवले जातात. उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल या तिन्ही राज्यांच्या सह्या टंचाईच्या नियमावर आधी घ्याव्यात, मगच तो ढाक्याला न्यावा. यात काही महिने जास्त गेले तरी चालतील, आणि तोवर जुन्या कराराचे वाटप तात्पुरते चालू ठेवण्याचे पत्र दोन्ही सरकारांनी मुदत संपण्याआधी एकमेकांना द्यावे. मुदत संपली आणि हातात काहीच नाही, अशी स्थिती १९८८ मध्ये आली होती, आणि ती पुन्हा येऊ देऊ नये.

शेवटी डिसेंबरच्या तारखेविषयी. ती मी उगाच सुचवलेली नाही. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये बोरो, म्हणजे उन्हाळी, धानाची रोवणी डिसेंबरपासून सुरू होते, आणि या धानाला सर्वांत जास्त पाणी मार्च-एप्रिलमध्ये लागते, म्हणजे नेमके फराक्क्याच्या कठीण दशकांत. टंचाईची पायरी जानेवारीत किंवा फेब्रुवारीत जाहीर झाली तर तोपर्यंत रोपे चिखलात उभी असतील आणि डिझेलचे कर्ज डोक्यावर असेल. ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाहीर झाली तर गोराईच्या काठावरचा आणि भागीरथीच्या काठावरचा शेतकरी धानाऐवजी मसूर, मोहरी किंवा गहू घ्यायचा की नाही, हे स्वतः ठरवू शकेल. म्हणून कराराच्या मसुद्यातील टंचाईचे कलम सह्या होण्यापूर्वी हिंदीत आणि बांगलात प्रसिद्ध करावे, त्यावर दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांकडून हरकती मागवाव्यात, आणि नव्या करारातील पहिली पायरी त्यांना रोवणीच्या आधी कळेल अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.

कळावे,

आपला विनम्र,
पाटबंधारे खात्यातील एक निवृत्त अभियंता,
नागपूर